मालकाचं मत आणि आपली मेल

मागच्या शुक्रवारी रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात रात्रीचे साडेसात वाजले तरी दिवे चालू. कुठलं क्लोजिंग नाही, कुठली डेडलाइन नाही. आमची एक मैत्रीण लॅपटॉपसमोर बसलेली आणि चेहऱ्यावर लग्नाचा हॉल बुक करताना असतो तसा ताण.

‘‘काय करून राहिली गं?’’

‘‘मेल आयडी बदलून राहिली. पण नेऊ कोणाकडे, तेच समजत नाही.’’

आता हसू नका. तिच्या इनबॉक्समध्ये आईचे बायॉप्सी रिपोर्ट आहेत, घराच्या वाटणीबद्दल वकिलाशी झालेलं सगळं बोलणं आहे आणि (साहेबांनी हे पान वाचू नये) तीन ठिकाणी पाठवलेला बायोडेटा आहे. एवढं सगळं फुकटच्या मेलवर ठेवायचं का, हा तिचा साधा प्रश्न.

शेजारच्या टेबलावरून लगेच सल्ला आला, ‘‘झोहो घे. देशी आहे, जाहिराती नाहीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनीसुद्धा मेल तिकडे नेली.’’

इथंच गाडी अडली. २०२० मध्ये झोहोचे संस्थापक श्रीधर वेम्बू चेन्नईत संघाच्या कार्यक्रमाला जाणार म्हणून ट्विटरवर गदारोळ झाला होता. आपल्या नागपुरात यात बातमी ती काय! इथं शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे आजोबा महालातल्या शाखेत गेलेले असतात आणि दुसरीचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर उभे असतात. त्या संध्याकाळी नेमके तेच दोघं बोलत होते.

‘‘त्यांची मतं त्यांच्यापाशी. पण माझ्या आईचे रिपोर्ट मी त्यांच्याकडे काहून ठेवू?’’

‘‘अन् गूगलचं काय? जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पच्या शपथविधीला सुंदर पिचई बसले होतेच की!’’

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. चहा आला म्हणून वाचलो.

मग प्रोटॉनचं नाव निघालं. २०१४ मध्ये सर्न प्रयोगशाळेतल्या मंडळींनी सुरू केलेली, जिनिव्हाची कंपनी. स्वित्झर्लंड म्हणजे कसं, बर्फ, चॉकलेट आणि तटस्थपणा! पण डिसेंबर २०२४ मध्ये प्रोटॉनचे प्रमुख अँडी येन यांनी ट्रम्पनी अँटीट्रस्ट विभागासाठी निवडलेल्या गेल स्लेटर यांचं कौतुक केलं आणि छोट्या माणसाची बाजू आता रिपब्लिकन घेतात, अशा अर्थाचं लिहिलं. जानेवारीत त्यावरून ग्राहक भडकले, कंपनीच्या अकाउंटवरून त्यांची पाठराखण करणारी पोस्ट आली आणि काढलीही गेली. घ्या! राजकारण टाळायला जिनिव्हाला जावं, तर ते आपल्या आधी तिथं हजर.

मालकाच्या मताशी आपल्याला काय करायचंय, असं मी म्हणणार नाही. दर महिन्याला पैसे आपण देतो, ते कोणाला द्यायचे हे आपणच ठरवावं. पण मत एक आणि किल्ली दुसरी. झोहो किंवा जीमेलवर मेल कुलपात असते, पण एरवी किल्ली कंपनीकडे असते. आपल्या आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ते कुलूप उघडायला सांगू शकतं. प्रोटॉनमध्ये किल्ली तुमच्या पासवर्डला बांधलेली, त्यामुळे साठवलेली मेल कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणून तिथं सगळं गुप्त असंही नाही हं. विषयाची ओळख त्या कुलपाबाहेरच राहते. २०२१ मध्ये स्विस आदेशानंतर प्रोटॉनने एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता दिला होता. मजकूर मात्र देता आला नाही. आणि तुमचा वकील जीमेलवर असेल, तर त्या मेलची एक कॉपी गूगलकडे आहेच!

माझा सल्ला वेगळाच होता. आधी स्वतःचं डोमेन घे. स्वतःच्या नावाचं डॉट इन बहुतेक वेळा वर्षाला हजाराच्या आत मिळतं. पत्ता तुझा, पेटी भाड्याची. मालकाचं डोकं फिरलं, किंवा तुझं फिरलं, तर पेटी बदल, पत्ता तोच राहतो. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची कारवाई करायला केंद्राला सांगितलं होतं. उद्या असं काही झालंच, तर निदान बँकेपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना नवा आयडी कळवत बसायला नको. फक्त रिन्यूअल चुकवू नका. डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या मेलही त्याच्याकडे जातील.

तिनं डोमेन घेतलं. पेटी एका वर्षासाठी प्रोटॉनची. डीएनएस की काय ते सेटिंग मात्र तिला जमेना. ते झोहोवाल्यानेच करून दिलं, तोंडाने ‘देशी काहून नाही घेतलं’ म्हणत म्हणत. नऊ वाजता पहिली टेस्ट मेल पोचली.

बँकेतला आयडी तेवढा बदलायचा राहिलाय. त्यासाठी शाखेत जावं लागेल म्हणतात. तिथं जायला तिची काही हरकत नाही.