पेला आणि पिस्तूल

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने २००९ साली गव्हर्नर ब्रेडेसन यांचा नकाराधिकार डावलून, परवानाधारकांना मद्य मिळणाऱ्या उपाहारगृहांत पिस्तूल नेण्याची मुभा दिली. जवळ शस्त्र असताना मद्य घेऊ नये, अशी अट घातली. सज्जनानेच निःशस्त्र का राहावे, हा समर्थकांचा प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु शस्त्र कोटाआड दडलेले असता पेला कोणास नाकारावा, हे वाढणाऱ्यास कळावे कसे? अट मोडल्याचे गोळी सुटल्यावरच उमगायचे! हा धोका काल्पनिक नव्हे. आपल्याच देशात, दिल्लीत, १९९९ साली मद्य देण्यास नकार दिला म्हणून जेसिका लाल या तरुणीस गोळी घालण्यात आली. कायद्याने केवळ सद्वर्तनावर विसंबू नये. जेथे पेला भरला जातो, तेथे शस्त्राने उंबरठ्याबाहेरच थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.