गांधीजींची तिकिटे आणि स्वदेशीचा हिशेब

स्वतंत्र भारताने गांधीजींवरची पहिली टपाल तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ रोजी काढली. ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये, कूर्व्हाझिए या खाजगी छापखान्यात! हे सांगितले की ऐकणारा हटकून म्हणतो, "चरखा चालविणाऱ्या महात्म्याची केवढी ही थट्टा!" मला हा आक्षेप अपुरा वाटतो. परदेशातून काही घेतले की स्वदेशी बुडाली, इतका हा हिशेब सोपा नाही.

आपल्या तिकीटछपाईचा इतिहासच पाहा. १८५४ साली कलकत्त्याला कॅप्टन थ्युलिअर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर तिकिटे तयार झाली. अर्ध्या आण्याचे तिकीट आधी शेंदरी रंगात छापायला घेतले होते. परंतु बाहेरून आणलेली शाई संपली आणि तिकीट निळे झाले. पुढच्याच वर्षापासून लंडनच्या डी ला रू कंपनीची तिकिटे येऊ लागली. खेळायचे पत्ते छापण्यात नाव मिळविलेली ही कंपनी. तिचे काम सुबक आणि एकसारखे होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हिंदुस्थानची तिकिटे सुमारे सत्तर वर्षे तिच्याकडेच छापली जात राहिली. पैसा गेला तो गेलाच. त्याहून मोठे नुकसान असे की, तेवढी वर्षे ते काम हाताखालून घालण्याची संधी येथील कारागिराला मिळाली नाही.

१९२५ साली नाशिकला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२६ पासून तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. २१ नोव्हेंबर १९४७ चे तिरंगी झेंड्याचे 'जय हिंद' तिकीटही नाशिकचेच.

मग गांधीजींच्या वेळी परदेश का गाठला? फोटोग्रॅव्ह्यूर या पद्धतीत रुळावर बारीक खळगे कोरलेले असतात. खळगा जितका खोल तितकी शाई अधिक, म्हणून चेहऱ्यावरील छायाप्रकाश हुबेहूब उतरतो. त्या यंत्राची सोय तेव्हा नाशिकला नव्हती. "मग साधेच छापायचे होते, खादीच्या माणसाला जाडेभरडेच शोभले असते," असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटे निघाली, ती याच पद्धतीने आणि नाशिकलाच छापलेली! अवघ्या चार वर्षांत ती विद्या घरी आली होती.

माझ्या मते फरक येथे आहे. कर्ज काढून सण करणे वेगळे आणि कर्ज काढून बैलजोडी घेणे वेगळे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दोन्ही रकमा एकाच खात्यावर टाकणार नाही. लंडनची सत्तर वर्षे पहिल्या खात्यावर जातात. स्वित्झर्लंडचे ते एक काम मी दुसऱ्या खात्यावर लिहीन.

आज आपण परदेशी यंत्रे, परदेशी तंत्रज्ञान सर्रास वापरतो आणि वादसभेत स्वदेशीवर टाळ्याही घेतो. माल कोठला, एवढेच विचारून आपण थांबतो. तो वापरता वापरता आपण त्यातले काय शिकलो आणि किती वर्षांत स्वतः करू लागलो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो निदान आपण विद्यार्थ्यांनी तरी विचारला पाहिजे.