विश्लेषण : कोथरूड की वाघोली? पुण्यात घर निवडताना हिशेब कशाचा करावा?

पुणे मेट्रोच्या एकाच मार्गाच्या पश्चिमेला कोथरूड आहे, तर त्याच मार्गाचे पूर्वेचे टोक वाघोलीच्या दिशेने वाढणार आहे. त्यामुळे ‘कोथरूडमध्ये लहान घर की त्याच पैशांत वाघोलीत मोठे?’ हा प्रश्न अनेक कुटुंबांत चर्चिला जातो. मात्र केवळ चौरस फुटाच्या दरावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

दोन्ही भागांत मूळ फरक काय?

कोथरूड हे जुने, वसलेले उपनगर. शाळा, दवाखाने, मंडई, पीएमपीच्या बस हे सारे तिथे आधीपासून आहे. वाघोली २०२१ मध्ये २३ गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायतीच्या काळातच तिथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले. पाणी, सांडपाणी आणि अंतर्गत रस्ते मागे पडले. नोकरी खराडीच्या आयटी कंपन्यांत असेल, तर मात्र वाघोलीच जवळची.

मेट्रोमुळे चित्र बदलेल?

वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये मार्ग रामवाडीपर्यंत पोहोचला. वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. १२.७५ किलोमीटर लांबी, १३ स्थानके, सुमारे ३,६२६ कोटी रुपये खर्च आणि चार वर्षांची मुदत, असा हा प्रकल्प आहे. म्हणजे कोथरूडकर आज मेट्रोने प्रवास करतो, तर वाघोलीकराला मुदत पाळली गेली तरी २०२९ पर्यंत थांबावे लागेल. तोवर नगर रस्त्यावरील कोंडी आहेच. ‘मेट्रोपासून पाच मिनिटांवर’ या जाहिरातीतील मेट्रो कोणती, हे म्हणूनच विचारावे.

किमतीतील फरक किती खरा?

समजा, वाघोलीतील घरासाठी २० लाख रुपये कमी कर्ज लागते. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये होतो. ही झाली बचत. त्यातून पाण्याच्या टँकरमुळे वाढलेला देखभाल खर्च, दुसऱ्या वाहनाचा खर्च आणि वेळ वजा करावा लागतो. कामावर जाताना आणि येताना प्रत्येकी ४५ मिनिटे जास्त लागली, तर २२ दिवसांत ३३ तास जातात. मात्र दोघांची नोकरी खराडीत असेल, तर हेच गणित कोथरूडच्या विरोधात जाते.

मुद्रांक शुल्काचा दर दोन्हीकडे सारखाच, कारण दोन्ही भाग महापालिका हद्दीत आहेत. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर लागत नाही.

काय तपासावे?

वाघोलीत महापालिकेची नळजोडणी प्रत्यक्ष आहे का, हे सोसायटीतील रहिवाशांकडून समजून घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले पाहिली, तर माहितीपत्रकापेक्षा खरे चित्र कळते. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी आणि ताबा देण्याची तारीख संकेतस्थळावर पाहता येते.

कोथरूडमधील जोखीम वेगळी. लिफ्ट नसलेल्या, वाहनतळ अपुरा असलेल्या अनेक जुन्या इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. तिथे घर घेताना जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, पुनर्विकासाचा ठराव कुठवर आला, हे पाहणे आवश्यक. भाडेकरूलाही हे ठाऊक हवे, कारण पुनर्विकासात विकासकाकडून मिळणारे भाडे घरमालकाला मिळते. भाडेकरूला मात्र घर सोडावे लागते.

आधी भाड्याने, मग विकत?

वाघोलीबाबत हा पर्याय विशेष उपयोगाचा. ११ महिन्यांच्या करारात उन्हाळ्यातले पाणी, पावसाळ्यातले रस्ते आणि रोजचा प्रवास या तिन्हींची परीक्षा होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकराराची नोंदणी बंधनकारक असून ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

कोथरूडमध्ये जास्तीचे पैसे आज असलेल्या सोयींसाठी मोजावे लागतात. वाघोलीत कमी पैशांत मोठी जागा मिळते, पण सोयींची वाट पाहावी लागते. ही वाट आणखी पाच वर्षे लांबली तरी हप्ता, पाणी आणि प्रवास झेपणार असेल, तरच वाघोलीतील घर स्वस्त म्हणता येईल.