डुकराच्या पोटातला काटेरी जंत

वळवाचा पहिला पाऊस पडला की गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या ऊस पिकवणाऱ्या भागात संध्याकाळी कडुनिंब-बाभळींवर भुंगेरे जमतात. पुढे त्यांचीच अळी, म्हणजे हुमणी, पिकाची मुळे खाते. शेतकऱ्याचे आणि हुमणीचे वैर एवढेच. पण हुमणीच्या कुळातल्या भुंगेऱ्यांचा आणि शेणकिड्यांचा आणखी एक उद्योग आहे. डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या काटेरी डोक्याच्या जंताला ते वाढवतात.

या जंताला तोंड नाही, पोटही नाही. अन्न तो कातडीतूनच शोषतो. डोक्याच्या जागी सोंड असते आणि तिच्यावर मागे वळलेल्या आकड्यांच्या ओळी. ही सोंड तो आतड्याच्या भिंतीत रुतवतो. मादी फूटभर, क्वचित दोन फूट लांब होते आणि दिवसाला अडीच लाखांच्या आसपास अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत पडतात आणि तिथे काही वर्षे टिकतात. अळीने ती खाल्ली की जंत तिच्या अंगात वाढतो. नाकाने जमीन उकरणाऱ्या डुकराला अशी अळी म्हणजे मेजवानी.

डुक्कर मग खंगते, वजन धरत नाही. सोंड रुतलेल्या जागी गाठी होतात. एखादी फुटून आतड्याला भोक पडले, तर जनावर हातचे जाते.

खरी अडचण निदानाची. या जंताची अंडी जड असतात, त्यामुळे मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवून बघायच्या नेहमीच्या तपासणीत ती हमखास सापडत नाहीत. गाळ बसवून पाहावा लागतो. गोल जंतांचे साधे औषध यावर चालेलच असे नाही. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा उपयोग होतो, पण मात्रा आणि औषधानंतर मांस किती दिवस वर्ज्य, हे पशुवैद्यकानेच सांगायला हवे.

इथेच माझी तक्रार आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. तरी जंतनाशक म्हटले की डोळ्यांपुढे गाय, म्हैस, शेळी येते. मोकाट डुक्कर म्हणजे नगरपालिकेचा प्रश्न, अशीच आपली समजूत. ते पाळणारी कुटुंबे बहुधा गावाच्या कडेला राहणारी आणि दवाखान्याची पायरी चढायला संकोचणारी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे परजीवीशास्त्र शिकवले जाते. कत्तलीच्या वेळी आतडी तपासून या भागात जंत किती आहे ते पाहायला फार पैसा लागणार नाही. रानडुकरातही हाच जंत राहतो, म्हणून त्यांचा वावर असलेली शिवारे आधी घ्यावीत.

माणसाला हा जंत क्वचितच होतो. चीन, थायलंडमध्ये असे रुग्ण आढळले आहेत, आणि त्यांत भुंगेरे कच्चे किंवा अर्धवट भाजून खाणारी मुले बरीच. आपल्याकडे तशी सवय नाही. मात्र शेतातून वेचलेली हुमणी डुकरांपुढे टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. ती रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावी.