साउंड सिस्टिमचा खरा खर्च



सणांचा हंगाम जवळ आला की आपल्या चर्चमध्ये एक विषय हमखास निघतो, "नवी साउंड सिस्टिम घेऊया." जुनी खरखरते, मागं वाचन समजत नाही ही तक्रार खरीच आहे, मीही हल्ली मागच्याच बाकावर बसतो. पण कोटेशनवरचा आकडा म्हणजेच खर्च, असं धरून वर्गणी सुरू होते, तिथं माझी हरकत आहे.

समजा, कोटेशन ५ लाखांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० हजार. तो व्यापाऱ्यासारखा आपल्याला वळता करून मिळत नाही. मग वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर. त्याच्या बॅटऱ्या काही वर्षांत बदलाव्याच लागतात. कॉर्डलेस माइकचे सेल तर दर रविवारी. बेळगावचा पावसाळा असा, की कपाटातल्या मिक्सरलाही ओल धरते, आणि वायरी कुरतडायला उंदीर आहेतच. दहा वर्षांनी हे सगळं पुन्हा घ्यायचं, तर नुसत्या यंत्रांसाठी आजच्या भावानं वर्षाला ५९ हजार बाजूला टाकायला हवेत. किती चर्च टाकतात?

एक खर्च कुठल्याच बिलात येत नाही. मिक्सर चालवणारा मुलगा शिकून तयार होतो आणि नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातो. मग त्या बटणांना हात लावायला कुणी धजत नाही, आणि फादर वेदीवरूनच खुणा करत राहतात.

मुळात दगडी भिंतींच्या, उंच छपराच्या चर्चमध्ये आवाज कमी पडत नाही, तो घुमतो. वॉट वाढवले की घुमणंही वाढतं. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी फरक फक्त ३ डेसिबलचा, कानाला जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा लहान, उभे स्पीकर खांबांवर लावून बाकांकडे खाली वळवले तर शब्द सुटा ऐकू येतो. बाकांभोवती तारेचं वेटोळं टाकलं, तर ती सोय असलेल्या श्रवणयंत्रांत आवाज थेट पोचतो. कोटेशनमध्ये हे कधी दिसत नाही. दिसतात ते दरवाजाबाहेरचे मोठे बॉक्स.

त्या बाहेरच्या बॉक्सांचा भार शेजाऱ्यांवर पडतो. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात, आणि आपली कितीतरी चर्च शाळेच्या आवारातच आहेत. भोंग्यांचा वाद निघाला की आपण मशिदीकडे बोट दाखवून मोकळे होतो. पण २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला गाजलेला खटला चेन्नईतल्या एका चर्चचा होता. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, असं न्यायालयानं त्यात सुनावलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं.

प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असा चर्चचाच कायदा आहे. या समितीनं दहा वर्षांचा हिशेब मांडून नोटीस बोर्डावर लावावा. आणि ऑर्डर देण्याआधी एका रविवारी तीच यंत्रणा भाड्यानं आणावी, शेवटच्या बाकावर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना बसवावं आणि मिस्सा झाल्यावर विचारावं, पहिलं वाचन कशाबद्दल होतं?

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव