परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनो, सही करण्याआधी करार वाचा

भंडारा रोड हे स्टेशन नावाने भंडाऱ्याचे असले तरी ते उभे आहे आमच्या वरठीत, मोहाडी तालुक्यात. एका बाजूला पोलाद कारखाना, दुसऱ्या बाजूला धानाची शेती आणि मधून हावडा-मुंबईचा लोहमार्ग. या स्टेशनावरून आमची माणसे पिढ्यानपिढ्या पोट भरायला गेली. अलीकडे इथूनच एखादा मुलगा, एखादी मुलगी पाठीवर मोठी बॅग घेऊन लंडन, मेलबर्न नाहीतर अमेरिकेला शिकायला निघते. बाप कंत्राटी कामगार, आई बचत गटात, आणि लेकरू परदेशी विद्यापीठात! आम्हाला याचा अभिमान आहे आणि तो आम्ही लपवत नाही.

पण निरोप कसा देतो आम्ही? विहारात सत्कार होतो. पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, चौकात फ्लेक्स. वक्ते एकामागून एक उठतात आणि सांगतात, बाबासाहेबांसारखा हो. टाळ्या पडतात. बाबासाहेबांसारखा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. एजंट सांगतो ते व्हिसाचे आणि पार्टटाइम कामाचे. बाकी पोरगं विमानातून उतरल्यावर ठेचा खात शिकते. म्हणून हा लेख.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची सुरुवात करारापासून झाली, हे आम्ही विसरतो. 4 जून 1913 रोजी त्यांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. वडील सुभेदार रामजी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. घरी तरुण पत्नी आणि लहान मूल. अशा अवस्थेत बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला. चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही दिवस मित्रमंडळींत गेले. मग त्यांनी स्वतःलाच जाब विचारला आणि बसले ते अभ्यासालाच बसले. कोलंबिया विद्यापीठाच्या नोंदींत त्यांनी घेतलेले विषय मोजून ठेवलेले आहेत : अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी 1. एकूण साठ! पदवीसाठी एवढे लागत नव्हते. पण पुन्हा ही संधी मिळेल याची खात्री कोणी दिली होती? 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तो आजही जगभर वाचला जातो.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. 1916 साली ते लंडनला गेले. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स दोन्हीकडे नाव घातले. प्रबंध अर्धा झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. बाबासाहेब काय म्हणाले असते? मी थोर काम करतो आहे, नियम गेले खड्ड्यात? नाही. त्यांनी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची रीतसर परवानगी मिळवली आणि 1917 साली ते करार पाळायला परत निघाले. पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती, ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. स्वतः मात्र बडोद्याला हजर झाले.

आणि बडोद्याने काय केले? शिपाई लांबून फायली फेकत. कचेरीत पिण्याला पाणी नाही. राहायला घर कोणी देईना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले, तिथून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा एम.ए. बागेत झाडाखाली बसून रडला. धर्मशाळेतली ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आम्ही हा प्रसंग इथे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या मुलांना जबाबदारीचे धडे द्यायला सगळे जण तयार असतात. जबाबदारी दोन्ही बाजूंची असते, हे सांगायला कोणी येत नाही. बाबासाहेबांनी आपली बाजू पाळली, समोरच्याने पाळली नाही.

आता आजचे पाहू. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्र शासनाने 2003 साली सुरू केली. नाव योग्यच दिले, कारण 1920 साली बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी हात दिला होता. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले होते, आणि सिडनॅम कॉलेजच्या पगारातून काटकसरीने साठवलेले पैसे होते. एका धर्मशाळेतून पारशांनी काढले आणि एका पारशाने लंडनला पाठवले, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. माणसांची पारख जातीवरून करायची नसते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तर 1954-55 पासूनची. तिच्याही मागे बाबासाहेबांचा आग्रह दिसतो. 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारने स्वतंत्र पैसा द्यावा अशी मागणी केली होती. म्हणजे हा पैसा कोणाची मेहेरबानी नव्हे. तो झगडून मिळवलेला आहे आणि म्हणूनच तो उधळायचा नाही.

मग तिथे वागायचे कसे? आम्ही उपदेशाची यादी देणार नाही. पण काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

पहिली, नक्कल. आमच्याकडे कॉलेजात प्रोजेक्ट बाजारातून विकत मिळतो, दहा जणांचा एकच असतो आणि मास्तर सही करतो. याच सवयीने मुलगा तिथे जातो, इंटरनेटवरचे दोन परिच्छेद उचलतो किंवा सगळा निबंध संगणकाकडून लिहून घेतो. तिथे तो थेट चोरीचा गुन्हा धरला जातो. चौकशी बसते, विषयात नापास करतात, प्रसंगी नाव काढून टाकतात. नाव गेले की व्हिसा गेला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयात जाऊन दुसऱ्याचे विचार कसे नोंदवायचे ते शिकून घ्यावे. तिथली ग्रंथालये हे शिकवायला माणसे ठेवतात आणि विचारणाऱ्याला कोणी हसत नाही.

दुसरी, व्हिसाच्या अटी. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने जाहीर बजावले की वर्ग बुडवला, अभ्यासक्रम सोडला किंवा विद्यापीठाला न कळवता निघून गेले तर विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्याच वर्षी जूनपासून अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. हॉटेलमालक म्हणतो, रोख देतो, कागदावर नको. हा मोह वाईट. सापडला तर मालक दंड भरून मोकळा होतो आणि आमचे पोरगे परतीच्या विमानात बसते.

पण इथे आम्ही शासनालाही सोडणार नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही, तर परक्या देशात त्या मुलीने घरभाडे कशाने द्यायचे? जादा तास करू नकोस हे सांगणे सोपे आहे. 2025 साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या 106 पैकी सुरुवातीला फक्त 40 जणांनाच पत्रे दिली गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास बघू असे सांगितले. विद्यापीठाची तारीख निधीसाठी थांबते काय? आणि 2022 साली याच योजनेत नवी अट घातली गेली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ही अट 1913 साली असती तर जातिसंस्थेवरचा तो निबंध कोलंबियात वाचलाच गेला नसता! अट घालणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही.

आता आदराचे बोलू. आमच्याकडे आदर म्हणजे वाकणे. पाया पडणे, सर सर करणे, मान खाली घालून ऐकणे. हजारो वर्षे आम्हाला हेच शिकवले. तिथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात, त्याच्या समोर बसून त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे सांगता येते. मात्र ठरलेल्या वेळेला पाच मिनिटे उशीर झाला तर तो अनादर. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांना झोंबला आणि तो परत लिहायला सांगितले. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. प्रा. कॅनन यांना त्यातले बरेच पटले नव्हते, तरी त्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. विद्यार्थी वाकला नाही, गुरू रागावला नाही. आम्हाला आमच्या मुलांकडून असा आदर हवा आहे.

आणि सोबत राहणाऱ्यांचा आदर. स्वयंपाकघर वापरून घाण तसेच टाकणे, रात्री मोठ्याने फोनवर बोलणे, रांग मोडणे, मुलीने हसून बोलले म्हणजे भलताच अर्थ काढणे, या गोष्टींनी माणसाची किंमत उतरते आणि त्याच्यामागून येणाऱ्याचीही उतरते. त्याहून वाईट एक गोष्ट आहे. भारतातून गेलेली पुष्कळ मंडळी कृष्णवर्णीयांविषयी जे शब्द वापरतात ते इथे छापण्यासारखे नाहीत. आमच्या मुलांच्या तोंडी तो शब्द आला तर आम्ही कशाचे आंबेडकरी? कोलंबिया विद्यापीठ हार्लेमच्या शेजारी आहे. 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. ज्याने आपले दुःख ओळखले त्याला दुसऱ्याचे ओळखता आले पाहिजे.

राहिला जातीचा प्रश्न. जात विमानात बसून आमच्या आधी तिथे पोहोचली आहे. खोली शोधताना आडनाव विचारतात, आडनावावरून समजले नाही तर गाव, गावावरून नाही तर जेवणात काय चालते ते विचारतात. पण तिथे लढणारेही आहेत. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपालांनी परत पाठवले. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा नियम काय, तक्रार कोणाकडे करायची, हे मुलांनी माहीत करून घ्यावे. अपमान झाला तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावे. व्हॉट्सॲपवर शिवीगाळ करून काही मिळत नाही, उलट पुरावा आपल्याच विरुद्ध तयार होतो. काही मुले जात सांगत नाहीत. त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. बाबासाहेबांनाही बडोद्यात नाव लपवून राहावे लागले होते. पण तिथल्या एखाद्या मैफलीत आरक्षणाला हसणाऱ्यांसोबत हसणे, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

परत यावे की तिथेच राहावे? यावर आमच्यात भांडणे होतात. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून बॅरिस्टर होऊन परत आले, 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपूरची दीक्षा घडवण्यात पुढे राहिले, पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. विदर्भात हे उदाहरण घरोघरी माहीत आहे. पण प्रत्येकाने राजाभाऊ व्हावे ही अपेक्षा अवास्तव आहे. कर्ज काढून गेलेल्या मुलाने दोन-चार वर्षे तिथे नोकरी करून बापाचे कर्ज फेडले तर त्यात गुन्हा काय? मात्र शिकलेल्या लोकांविषयी बाबासाहेब 18 मार्च 1956 ला आग्र्याला जे दुःखाने बोलले, ते आम्ही दरवर्षी एकमेकांना सांगतो आणि मग विसरतो. तिथे राहणाऱ्याने निदान गावातल्या पुढच्या मुलाचा फोन उचलावा. त्याचा अर्ज तपासून द्यावा. यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

घरच्यांनाही दोन शब्द. बाबासाहेब लंडनला असताना रमाईने परळच्या चाळीतल्या खोलीत संसार कसा चालवला, हे सर्वांना ठाऊक आहे. आज आई-बाप भविष्य निर्वाह निधी काढतात, सोने गहाण टाकतात आणि फोनवर मुलाला सांगतात, सगळे ठीक आहे. मुलगाही तिकडून सांगतो, सगळे ठीक आहे. दोघेही खोटे बोलतात. असे करू नका. पैसे किती उरले हे दोन्हीकडून खरे सांगा. मुलगा सलग आठ दिवस नीट बोलला नाही तर विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असते, तिथे जायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

वरठीच्या विहार समितीला आमची एक सूचना आहे. पुढच्या वेळी फ्लेक्सचा खर्च थोडा कमी करा आणि निघणाऱ्या मुलाला व त्याच्या आई-बापाला एक संध्याकाळ बसवून शिष्यवृत्तीचा कागद ओळीने वाचून दाखवा. इंग्रजी समजणारा एक शिक्षक सोबत घ्या. हप्ता उशिरा आला तर भंडाऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज घेऊन कोण जाणार, पुण्याच्या आयुक्तालयात फोन कोण करणार, हे त्याच संध्याकाळी नावासकट ठरवा. कागदपत्रांच्या झेरॉक्सचा एक संच विहारात ठेवा. मुलगा तिकडे गेल्यावर आई-बापाला हे एकट्याने जमत नाही.