थांबावे किती, हा प्रश्न आहे

संपादक महोदय,

‘पहिले मूल अपुऱ्या दिवसांचे झाले, तर दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये’ हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला काळजीपोटी असेल, पुराव्याला धरून नाही. ३७ आठवड्यांआधी बाळंत झालेलीला पुढच्या खेपेस तोच धोका दीड-दोन पटीने असतो, हे खरे. तरी बहुतेकींचे दुसरे बाळंतपण दिवस भरूनच होते. धोका वाढवते ती घाई. प्रसूतीनंतर किमान २४ महिने थांबा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचे ‘अंतरा’ गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळते. पण अपुऱ्या दिवसांचे बाळ रुग्णालयात काचेच्या पेटीत असताना हा विषय घरात काढणार कोण? पस्तिशीजवळच्या बाईला वयाची धास्ती रास्त आहे. तिने डॉक्टरांशी बोलून अंतर ठरवावे.

पत्रलेखकाचा दुसरा आक्षेप, मोठे रुग्णालय दूर असल्याचा, अधिक वजनाचा. पोलादपूरच्या वाडीवरून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब, आणि जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाडच बुडवले. पण यातून तयारीची गरज सिद्ध होते, बंदीची नव्हे. दिवस राहण्याआधी रक्त तपासावे, पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजून घ्यावी, मागच्या प्रसूतीचे कागद पहिल्याच तपासणीला न्यावेत. आणि शेवटचे महिने ऐन पावसाळ्यात येत असतील, तर भातलावणी सुरू होण्याआधीच गर्भवतीला मोठ्या रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे पोहोचवावे.

आपली,
एक वाचक, महाड